पडद्यावरील टक्के आणि बॅटरीतील खरी शिल्लक

मांजरा नदीच्या काठी वसलेले कळंब हे धाराशिव जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे गाव. येरमाळा, शिराढोण, इटकूर, मोहा, खामसवाडी अशी मोठी गावे या तालुक्यात असून त्यांच्याभोवती वाड्यावस्त्यांचा पसारा आहे. ग्रामपंचायतीचा जमाखर्च, जन्ममृत्यूच्या नोंदी, फेरफार, शाळेचा पट, शिष्यवृत्तीचे अर्ज ही सारी कामे एके काळी दप्तरात होत असत; आज ती संगणकावर होतात. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला आणि गावपातळीवरील महसुली काम लॅपटॉपशी कायमचे जोडले गेले. कपाटातील दप्तराला विजेची गरज नव्हती. लॅपटॉपला ती आहे आणि वीज नसेल तेव्हा सारा भार त्याच्या पोटातील बॅटरीवर येऊन पडतो.

गारपिटीने शेतातील पीक आडवे झाले आहे, ग्राम महसूल अधिकारी (गावकऱ्यांच्या बोलीत अजूनही तलाठीच) बांधावर आलेले आहेत, नुकसानग्रस्त शेतकरी रांगेने उभे आहेत आणि नोंदी निम्म्यावर आल्या असताना लॅपटॉप एकाएकी बंद पडतो. क्षणापूर्वी पडद्यावर २९ टक्के शिल्लक दिसत होती. असा प्रसंग कोणत्याही तालुक्यात घडू शकतो. ग्रामसभेत ठराव लिहिताना, शाळेत ऑनलाइन परीक्षा चालू असताना, शिबिरात दाखले देताना तो घडतो तेव्हा खोळंबा त्या यंत्राचा होत नाही. तो दूरवरून काम बुडवून आलेल्या माणसाचा होतो.

अशा वेळी कार्यालयात सर्वसाधारणपणे एकच निदान केले जाते, ते म्हणजे ‘बॅटरी गेली’. मग मागणीपत्र, नवी बॅटरी, जुन्या बॅटरीचे निर्लेखन असा क्रम सुरू होतो. हे निदान कित्येकदा बरोबर असते. तथापि कित्येकदा ते अपुरे असते, कारण बॅटरी झिजणे आणि बॅटरीतील शिल्लक दाखवणारा मापक चुकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर इलाज नाही. दुसरीवर आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

आकडा येतो कोठून?

विहिरीत दोर सोडून पाणी मोजता येते. दिव्याच्या टाकीत काडी बुडवून रॉकेल पाहता येत असे. लिथियम-आयन बॅटरीत मात्र किती विद्युतभार शिल्लक आहे, हे थेट मोजण्याचे साधन लॅपटॉपमध्ये नसते. पडद्यावर दिसणारे ८४ किंवा २९ टक्के हा हिशेबाने काढलेला आकडा असतो.

हा हिशेब बॅटरीच्या वेष्टनातच बसवलेली एक लहानशी चिप ठेवते. बॅटरीत येणारा व बॅटरीतून जाणारा प्रवाह एका अत्यल्प रोधातून जातो. त्या रोधावर पडणारा दाब मोजून चिप प्रवाह किती होता ते ठरवते आणि वेळेशी गुणून जमा-खर्च मांडते. गोदामाच्या दारात बसून आत गेलेली व बाहेर आलेली पोती वहीत लिहून घेणाऱ्या कारकुनासारखे हे काम आहे. कारकून आत जाऊन थप्पी मोजत नाही. आत उंदरांनी किती खाल्ले, ओलीने किती पोती सडली, हे त्याला दारातून कळत नाही. शिवाय प्रत्येक नोंदीत किंचित चूक होतेच. एका दिवसाची चूक नगण्य असते. शंभर दिवसांच्या चुका साचल्या म्हणजे वहीतली शिल्लक आणि गोदामातली शिल्लक यांचा मेळ बसेनासा होतो.

यावर बॅटरीच्या रचनेत उपाय योजलेला आहे. लिथियम-आयन घटाचा विद्युतदाब पूर्ण भरल्यावर सर्वसाधारणपणे ४.२ व्होल्ट असतो आणि रिकामा होत आला म्हणजे ३ व्होल्टच्या आसपास येतो. दोन्ही टोकांना दाब चटकन बदलतो, त्यामुळे ‘आता पूर्ण भरले’ आणि ‘आता संपत आले’ या दोन अवस्था चिपला निश्चित ओळखता येतात. मधल्या मोठ्या पट्ट्यात दाब फार सावकाश उतरतो. तेथे केवळ दाबावरून शिल्लक सांगणे म्हणजे सपाट माळरानावर उभे राहून चढ किती बाकी आहे ते सांगण्यासारखे आहे. म्हणून चिप मधल्या पट्ट्यात वहीवर विसंबते आणि दोन्ही टोकांना पोहोचली म्हणजे वही दुरुस्त करून घेते. यंत्र बराच वेळ स्वस्थ राहिले तर स्थिरावलेल्या दाबावरूनही काही सुधारित चिपा अंदाज दुरुस्त करतात. मापक असा खऱ्या स्थितीशी पुन्हा जुळवून घेण्याच्या क्रियेस अंशशोधन म्हणतात. कार्यालयीन भाषेत सांगावयाचे तर हा शिलकेचा ताळा होय.

आता मघाचे २९ टक्के कसे आले ते पाहता येईल. समजा, एका बॅटरीची क्षमता झिजून ३० वॉट-तास उरली आहे, पण मापकाच्या वहीत ती अजून ४२ वॉट-तास आहे. पूर्ण भरलेली बॅटरी घेऊन काम सुरू केले. ३० वॉट-तास खर्च होताच घट रिते झाले. वहीप्रमाणे मात्र १२ वॉट-तास बाकी आहेत आणि ४२ पैकी १२ म्हणजे २९ टक्के. पडदा अंधारला तेव्हा आकडा जाणूनबुजून खोटे सांगत नव्हता, तो जुन्या वहीतून वाचून दाखवत होता. याच्या उलटही घडते. मापकाने क्षमता कमी धरली असेल तर आकडा भराभर ७ टक्क्यांवर येतो आणि पुढे तासभर यंत्र ७ टक्क्यांवरच चालत राहते.

एका खोलीतील दोन बॅटऱ्या

ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कार्यालयात बहुधा दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. कोपऱ्यातील इन्व्हर्टरची बॅटरी शिसे व आम्लाची, लॅपटॉपची लिथियम-आयन. दोघींचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत आणि अनेक गैरसमजांचे मूळ येथे आहे.

शिसे-आम्लाच्या बॅटरीला भरलेले राहणे मानवते. ती अर्धवट रिती ठेवली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि ती निकामी होते. म्हणून इन्व्हर्टर सदैव विजेला जोडलेला असावा, वेळोवेळी शुद्ध पाणी घालावे, ही गावोगावी रूढ झालेली शिकवण योग्यच आहे. हीच शिकवण लोक लॅपटॉपला लावतात आणि चार्जर सकाळी जोडला की सायंकाळपर्यंत, कित्येक ठिकाणी शनिवार-रविवारसुद्धा, तसाच ठेवतात.

लिथियम-आयन बॅटरीला पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहणे मानवत नाही. तिच्यात एका बाजूस ग्रॅफाइटचा व दुसऱ्या बाजूस कोबाल्ट, निकेल, मँगनीज यांसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा विद्युदग्र असतो. लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसरीकडे जातात-येतात आणि त्यातून वीज साठते व मिळते. पूर्ण भरलेल्या घटात दाब सर्वांत अधिक असतो. त्या दाबाखाली आतील द्रावाचे हळूहळू विघटन होते, ग्रॅफाइटवरील थर जाड होत जातो आणि त्या थरात अडकलेले लिथियम कायमचे कामातून जाते. यंत्र बंद असो की चालू, ही झीज चालूच राहते. ती दोन गोष्टींनी वाढते, दाबाने आणि उष्णतेने.

आणखी एक जुनी शिकवण अशी की, बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नये. ती निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातील आहे. त्या बॅटऱ्या अर्धवट वापरून पुन:पुन्हा भरल्या तर त्यांची उपयुक्त क्षमता घटत असे. लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणली. जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना या शोधाबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीला तशी ‘आठवण’ नाही. तिला अर्धवट भरणे-वापरणेच सोसते, आणि दररोज शून्यापर्यंत नेणे उलट घातक ठरते. बॅटरी बदलली तरी सवय बदलली नाही, एवढाच याचा अर्थ.

कळंबचा उन्हाळा

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जाणे ही नवलाची बाब राहिलेली नाही. पत्र्याच्या छताखालील वर्गखोलीत, उन्हात उभ्या असलेल्या जीपमध्ये किंवा मोटारसायकलच्या डिकीत तापमान त्याहून बरेच वाढते. बॅटरीच्या आयुष्याचा विचार येथे पुस्तकातील २५ अंशांवर करून चालत नाही.

या विषयावरील एका सर्वपरिचित तक्त्यातील आकडे बोलके आहेत. लिथियम-आयन बॅटरी ४० टक्के भरून २५ अंश सेल्सिअसला वर्षभर ठेवली तर तिची क्षमता सुमारे ९६ टक्के उरते. तीच १०० टक्के भरून ठेवली तर ८० टक्के. तापमान ४० अंश असेल तर ४० टक्के भरलेली बॅटरी ८५ टक्क्यांवर येते आणि पूर्ण भरलेली ६५ टक्क्यांवर. कळंबला बारा महिने ४० अंश नसतात, हे खरे. तरीही उष्णता आणि पूर्ण भार एकत्र आले म्हणजे काय होते, हे त्यावरून स्पष्ट होते. वर्षभरात एकदाही चार्जरवरून न काढलेल्या लॅपटॉपची बॅटरी ‘न वापरताच कशी गेली’, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. ती न वापरताच गेली, कारण ती सदैव भरलेली आणि सदैव तापलेली होती.

चार्जिंगच्या मर्यादेची सोय याच कारणास्तव आली. बॅटरी १०० टक्क्यांऐवजी ८० टक्क्यांवर थांबवली तर प्रत्येक घटाचा दाब ४.२ ऐवजी ४ व्होल्टच्या आसपास राहतो. भारणाचा दाब ०.१ व्होल्टने कमी केल्यास बॅटरी सोसू शकेल अशा आवर्तनांची संख्या जवळजवळ दुप्पट होते, असा ढोबळ नियम अभियंते सांगतात. पूर्ण दाबाने वापरलेल्या सामान्य लॅपटॉप-बॅटरीचे आयुष्य ३०० ते ५०० पूर्ण आवर्तनांचे धरले जाते, हे लक्षात घेतले म्हणजे या लाभाचे मोल कळेल.

बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये ही सोय असते, नावे मात्र निरनिराळी. लेनोवोच्या यंत्रांत ‘कॉन्झर्व्हेशन मोड’, एसुसच्या यंत्रांत ६०, ८० व १०० टक्के असे पर्याय, डेलच्या यंत्रांत भारण कोठे सुरू व्हावे आणि कोठे थांबावे हे आकडे स्वत: ठरवण्याची मुभा, एचपीच्या अनेक कार्यालयीन यंत्रांत यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ मांडणीतच बॅटरीच्या आरोग्याचा पर्याय. मर्यादा लावलेला लॅपटॉप ८० वर येऊन थांबतो आणि ‘जोडलेले आहे, चार्ज होत नाही’ अशी सूचना दाखवतो. भारण सुरू होण्याचा आकडा ७५ असेल तर ७८ टक्क्यांवरही तो चार्ज होणार नाही. हा बिघाड नव्हे. मर्यादा एकाने लावायची आणि बदलीनंतर आलेल्या दुसऱ्याने चार्जर बिघडला म्हणून दुरुस्तीस पाठवायचा, असे होऊ नये यासाठी मर्यादेची चिठ्ठी लॅपटॉपच्या तळाशी चिकटवणे हा साधा उपाय आहे. यंत्राची मूळ प्रणाली नव्याने घातली असता कंपनीचा आज्ञासंच निघून जातो, पण मर्यादा कधी कधी यंत्रात तशीच राहते. मग ती काढायची कोठून हे कोणासच उमगत नाही. दुरुस्तीस देताना मर्यादा काढून देणे म्हणूनच श्रेयस्कर.

मर्यादेची दुसरी बाजू

मर्यादा लावा आणि निश्चिंत व्हा, असे मात्र येथे सांगता येत नाही. वर पाहिल्याप्रमाणे मापक आपली वही दोन्ही टोकांना दुरुस्त करतो. ८० टक्क्यांची मर्यादा लावली की बॅटरी वरच्या टोकाला कधी पोहोचतच नाही. लॅपटॉप बहुतांश वेळ विजेवरच चालत असेल तर ती खालच्या टोकालाही जात नाही. महिनोन्‌महिने ती ७५ आणि ८० यांच्या दरम्यान हेलकावत राहते. बॅटरीचे घट सुखात असतात. वही मात्र बिघडत जाते. मग ज्या दिवशी लॅपटॉप शेतावर न्यायचा असतो, त्याच दिवशी ७८ वरून आकडा एकदम ४० वर उडी घेतो, किंवा २९ वर यंत्र मिटते.

म्हणजे बॅटरीच्या आयुष्यासाठी जे हितकर, तेच मापकाच्या अचूकपणास मारक. मर्यादा लावून सहा महिन्यांनी आकडा भरकटला म्हणजे ‘मर्यादेमुळे बॅटरी खराब झाली’ असा निष्कर्ष काढून मर्यादा काढून टाकली जाते. यात खराब न झालेली बॅटरी खरोखर खराब होण्याच्या मार्गाला लावली जाते. दोन्ही साधायचे तर दैनंदिन वापरात मर्यादा ठेवावी आणि ठरावीक अंतराने एकदा ती काढून ताळा घ्यावा.

हे अंतर दोन ते तीन महिन्यांचे पुरते. ग्रामपंचायतींना त्यासाठी निराळे वेळापत्रक करण्याचे कारण नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या रूढ तारखा सर्वांच्या लक्षात असतात. त्यांच्या आधीच्या आठवड्यात हे काम उरकावे. १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर यांत दीड महिन्याचेच अंतर असल्याने त्यांपैकी एक वगळले तरी चालेल. दरमहा किंवा दर आठवड्यास अंशशोधन करणे हा अतिरेक होय. त्याने क्षमता वाढत नाही. प्रत्येक वेळी बॅटरीचे एक पूर्ण आवर्तन मात्र खर्ची पडते.

ताळा घेण्याची रीत

प्रथम चार्जिंगची मर्यादा काढावी, बॅटरी १०० टक्के भरावी आणि त्यानंतरही सुमारे दोन तास चार्जर जोडलेला ठेवावा, म्हणजे घट स्थिरावतात. मग चार्जर काढून लॅपटॉप नेहमीच्या कामासाठी वापरत राहावे. मध्येच तो झोपी जाणार नाही अशी मांडणी आधी करून घ्यावी. या काळात फेरफाराच्या नोंदी, देयके, परीक्षेचे गुण असे महत्त्वाचे काम करू नये. वाचन, टंकलेखनाचा सराव, चित्रफीत पाहणे अशी कामे चालतील. प्रत्येक गोष्ट जतन केलेली असावी. यंत्र आपोआप बंद झाले म्हणजे त्याला तीन ते पाच तास तसेच पडू द्यावे. शेवटी चार्जर जोडून ते न थांबता पुन्हा १०० टक्क्यांपर्यंत भरावे आणि मर्यादा पूर्ववत लावावी.

‘न थांबता’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. वीज तासातासाला जात-येत असेल अशा दिवशी हा उद्योग आरंभू नये. इन्व्हर्टरची जोड असेल तर अडचण नाही, नसेल तर पुरवठा स्थिर असतो ती वेळ निवडावी. काही कंपन्यांनी मापक जुळवण्याची आज्ञा आपल्या यंत्रात दिलेली असते. ती वापरल्यास हेच सारे यंत्र आपणहून करते, फक्त त्यास कोणी मध्येच हात लावू नये.

एक घड्याळ जवळ ठेवावे. चार्जर काढल्याची वेळ आणि यंत्र बंद पडल्याची वेळ कागदावर लिहून ठेवावी, कारण पुढचे निदान त्यावर अवलंबून आहे.

दोष कोणाचा?

समजा, ताळ्याच्या वेळी लॅपटॉप अडीच तास चालला. पूर्वी तो २९ टक्क्यांवर बंद पडत असे, तेव्हाही अडीच तासच चालत होता. ताळ्यानंतर पुढच्या वेळी आकडा १०० वरून सावकाश, समान गतीने उतरत ५ पर्यंत आला, तर दोष मापकाचा होता आणि तो दूर झाला. बॅटरीत नवी शक्ती आली नाही. आता ती खरे सांगू लागली, आणि अडीच तास मिळणार हे आधी ठाऊक असणे शेतावर जाणाऱ्या माणसाला पुरेसे असते.

आकडा समान गतीने उतरतो, पण घड्याळात पाऊण तासच भरतो, असे झाले तर मापक निर्दोष आहे आणि घट झिजले आहेत. तेथे नवी बॅटरी हाच मार्ग. तिसरा प्रकार थोडा फसवा आहे. ताळा घेऊनही ४० टक्क्यांच्या आसपास आकडा दर वेळी कोसळतो. लॅपटॉपच्या बॅटरीत साधारणत: तीन किंवा चार घट एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांतील एक दुर्बळ झाला तर बाकीच्यांत भार शिल्लक असूनही संरक्षक मंडल सर्वांचे काम थांबवते. बैलांच्या जोडीतला एक बसला म्हणजे दुसऱ्याच्या ताकदीला अर्थ उरत नाही, तसेच हे. ही बॅटरी बदलावी.

विंडोज प्रणालीवरील यंत्रांत अधिक नेमका पुरावा घरबसल्या मिळतो. आज्ञेच्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ व तिला लागून ‘बॅटरीरिपोर्ट’ हे शब्द रोमन लिपीत टंकलिखित केले असता एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण-भार क्षमता असे दोन आकडे मिलीवॉट-तासांत दिलेले असतात. बहुतेक यंत्रांत आवर्तनांची संख्याही असते. मूळ क्षमता ४८,००० आणि सध्याची ३६,००० असेल तर बॅटरी तीन-चतुर्थांश उरली आहे. हा दुसरा आकडासुद्धा मापकाच्या वहीतूनच येतो, हे विसरू नये. ताळा घेण्यापूर्वीच्या अहवालावरून बॅटरीचे निर्लेखन करणे म्हणजे गोदाम न उघडता साठा बुडीत काढणे होय.

लॅपटॉपची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होतेच. तिच्या शेऱ्याच्या रकान्यात, किंवा जोडीच्या साध्या वहीत, वर्षातून एकदा ताळ्यानंतरची क्षमता आणि घड्याळी वेळ टिपून ठेवली तर कोणती बॅटरी केव्हा मागवावी लागेल, याचा अंदाज वर्षभर आधी येतो. मागणीपत्रास ती नोंद जोडली असता तपासणाऱ्या अधिकाऱ्यासही निर्णय घेणे सोपे जाते.

वीज जाणाऱ्या गावाने काय करावे?

येथे एक वाजवी शंका निघते. शहरातील कार्यालयास ८० टक्क्यांची मर्यादा परवडते. जेथे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेथे २० टक्के आधीच सोडून द्यायचे का? हिशेब करून पाहावा. ४८ वॉट-तासांची बॅटरी आणि सरासरी १२ वॉट खाणारा लॅपटॉप धरला तर पूर्ण भारावर ४ तास मिळतात, ८० टक्क्यांवर ३ तास १२ मिनिटे. फरक ४८ मिनिटांचा. कार्यालयात इन्व्हर्टर असेल तर ही ४८ मिनिटे सोडून देण्यात काही तोटा नाही. इन्व्हर्टर नसेल आणि पुरवठा दररोज तासन्‌तास खंडित होत असेल, तर ९० किंवा ९५ टक्क्यांची मर्यादा जेथे लावता येते तेथे ती लावावी. नसल्यास मर्यादा काढून टाकण्यातही गैर नाही, कारण असा लॅपटॉप पूर्ण भारावर फार काळ बसून राहतच नाही. बॅटरी कामासाठी असते, ती कोरी करकरीत निर्लेखित करण्यात काही भूषण नाही. पंचनामा, शिबिर, ग्रामसभा, येरमाळ्याच्या चैत्री यात्रेतील बंदोबस्ताचे काम अशा प्रसंगी आदल्या रात्री मर्यादा काढून १०० टक्के भरून न्यावे. एका दिवसाने बॅटरी झिजत नाही.

शाळांच्या बाबतीत निराळी काळजी घ्यावी लागते. उन्हाळी सुटी लागली की लॅपटॉप आणि टॅब्लेट लोखंडी कपाटात बंद होतात व जूनच्या मध्यापर्यंत कोणी त्यांच्याकडे पाहत नाही. हाच काळ वर्षातील सर्वांत तप्त असतो. पूर्ण भरून ठेवलेल्या बॅटऱ्या या दीड महिन्यात सर्वाधिक झिजतात. अगदी रित्या ठेवलेल्या बॅटऱ्यांवर त्याहून वाईट प्रसंग येतो; आपोआप होणाऱ्या किंचित गळतीने त्यांचा दाब धोक्याच्या पातळीखाली उतरतो आणि संरक्षक मंडल त्यांना कायमचे कुलूप लावते. जूनमध्ये ‘एकही चालू होत नाही’ ही तक्रार बहुधा अशी उद्भवते. कपाट बंद करण्यापूर्वी प्रत्येक यंत्र ५० टक्क्यांच्या आसपास आणून पूर्णपणे बंद करावे. पत्र्याच्या खोलीपेक्षा स्लॅबची किंवा जुन्या मातीच्या भिंतीची थंड खोली केव्हाही बरी.

लॅपटॉपचा तळ फुगलेला दिसणे, बोट फिरवण्याची पट्टी वर उचलली जाणे, झाकण नीट न मिटणे ही बॅटरी फुगल्याची लक्षणे आहेत. तेथे अंशशोधनाचा प्रयोग करू नये. चार्जर काढावा, यंत्र बंद करावे आणि ज्वलनशील वस्तूंपासून दूर, शक्य तर उघड्या फरशीवर ठेवावे. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, मुलांच्या हाती देऊ नये. धूर किंवा ज्वाळा दिसल्यास आधी खोलीचा मुख्य विद्युतपुरवठा बंद करावा, माणसे बाहेर काढावीत आणि मगच सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी मारावे. विझल्यासारखी वाटणारी बॅटरी आतील उष्णतेने पुन्हा पेट घेऊ शकते, म्हणून ती लगेच आत आणू नये.

निकामी बॅटऱ्या घंटागाडीत किंवा गावाबाहेरच्या उकिरड्यावर टाकण्यास २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई केली आहे. हे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचित झाले. त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्प्रक्रियेस पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नव्या बॅटरीचा पुरवठा आदेश काढताना जुनी परत नेण्याची अट त्यातच घालता येते. खरेदीच्या तपशिलात चार्जिंगची मर्यादा लावण्याची सोय असावी आणि बॅटरी स्क्रू काढून बदलता यावी, या दोन ओळी जोडल्या तर पाच वर्षांनी तेच यंत्र नव्या बॅटरीनिशी पुन्हा बांधावर नेता येते.